नांव ठेवणें आणि नांवें ठेवणें : ‘नेस्टोरियन’ या संज्ञेचें परीक्षण

हस्तलिखितांच्या सूचींत ग्रंथकाराच्या नांवापुढें त्याचा पंथ लिहिण्याची चाल जुनी आहे आणि सोयीची आहे, हें आम्हांस मान्य आहे. पोथी हातीं घेण्यापूर्वीं ती शैवाची कीं वैष्णवाची, दिगंबराची कीं श्वेतांबराची हें कळलें तर शोधणाराचे श्रम वांचतात. परंतु ही एका शब्दाची नोंद पुष्कळदां ग्रंथकाराच्या हातची नसते, त्याच्या शिष्याचीहि नसते. ती त्याच्या प्रतिपक्ष्याची असते. प्रतिपक्ष्यानें वादाच्या भरांत जें नांव ठेवलें तें सूचिकार शांतपणें उतरून घेतो, आणि पुढच्या पिढीस तें ग्रंथाच्या जन्मापासूनचें वाटूं लागतें. ख्रिस्ती संप्रदायांच्या इतिहासांत याचीं उदाहरणें विपुल आहेत. त्यांतील एकच शब्द आम्ही येथें परीक्षणासाठीं घेतला आहे, तो ‘नेस्टोरियन’. सुरियानी भाषेंतील हस्तलिखितांच्या युरोपीय सूची, मलबारच्या ख्रिस्ती लोकांचे इतिहास, चीनमधील ख्रिस्ती शिलालेखावरील ग्रंथ, यांपैकीं कोणतेंहि पुस्तक उघडलें तरी हा शब्द पानोपानीं आढळतो. आणि तो कोणीं, केव्हां व कां दिला याची चौकशी केल्याचें मात्र क्वचित् आढळतें.

हा विषय आमच्या प्रांताशीं अगदींच असंबद्ध नाहीं. सहाव्या शतकांत कॉस्मस नांवाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्यानें ‘कल्लियाना’ येथें इराणांतून नेमलेला बिशप असल्याचें लिहून ठेवलें आहे, आणि हें कल्लियाना म्हणजे आमचें कल्याण असें बहुतेक अभ्यासक मानतात. मलबारच्या सुरियानी ग्रंथांवर १५९९ सालीं जें संकट कोसळलें तें गोव्याच्या आर्चबिशपाच्या आज्ञेनें कोसळलें. त्याच्या चाळीसएक वर्षें आधीं याच मंडळीचा एक बिशप वसईच्या मठांत अडकवून ठेवला होता. कोंकणच्या किनाऱ्याचा इतिहास लिहिणारास हा शब्द टाळतां येत नाहीं. तेव्हां त्यानें तो वापरण्यापूर्वीं तपासून घ्यावा, एवढ्याचसाठीं हा प्रपंच.

नेस्टोरियस हा ४२८ सालीं कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप झाला. मरियेस ‘थिओटोकॉस’ म्हणजे ‘ईश्वरप्रसू’ म्हणण्याची चाल ग्रीक ख्रिस्ती लोकांत रूढ होती. नेस्टोरियसनें तीस हरकत घेतली आणि ‘ख्रिस्टोटोकॉस’, ‘ख्रिस्तप्रसू’, हा शब्द सुचविला. ईश्वर अनादि, त्यास प्रसविणारी माता कशी, हा त्याचा आक्षेप. ख्रिस्तांत ईश्वरत्व आणि मनुष्यत्व इतकीं एक आहेत कीं, जो मरियेच्या पोटीं जन्मला तो ईश्वरच होय, हें अलेक्झांड्रियाच्या सिरिलचें उत्तर. ४३१ सालीं एफेसस येथें परिषद भरली. अंत्युखियाकडील बिशप येऊन पोंहोचण्यापूर्वींच सिरिलनें ती सुरू केली. नेस्टोरियस हजर राहिला नाहीं. त्यास पदच्युत करण्यांत आलें. पुढें मिसर देशांत हद्दपारींत तो वारला. मरणापूर्वीं त्यानें आपली बाजू मांडणारा एक ग्रंथ लिहिला होता. त्याचें मूळ ग्रीक नष्ट झालें. सुरियानी भाषांतर मात्र कुर्दिस्तानांतील एका प्रतींत टिकलें आणि १९१० सालीं छापून निघालें. त्यांत तो रोमच्या लिओ पोपाचें मत आपल्यास मान्य असल्याचें सांगतो. स्वतः नेस्टोरियस तरी ‘नेस्टोरियन’ होता काय, हा प्रश्न बेथ्यून-बेकर यानें तें भाषांतर छापून निघण्यापूर्वींच, १९०८ सालीं, त्याच्याच आधारें विचारला होता. तो प्रश्न आजहि निकालांत निघाला आहे असें म्हणवत नाहीं.

या प्रकरणांतील एक कागद आम्हांस फार बोलका वाटतो. थिओडोसियस बादशहानें ४३५ सालीं कायदा केला कीं, नेस्टोरियसच्या अनुयायांस यापुढें ‘सिमोनियन’ म्हणावें. सिमोन हा ख्रिस्ती परंपरेंत जादूगार म्हणून निंदिलेला पुरुष; त्याच्याशीं या लोकांचा कांहीं संबंध नव्हता. पूर्वीं कॉन्स्टंटाइन बादशहानें एरियसच्या अनुयायांस ‘पोर्फिरियन’ म्हणावें असें ठरविलें होतें, त्याचाच हा कित्ता. त्याच कायद्यांत पुढें नेस्टोरियसचीं पुस्तकें शोधून जाहीरपणें जाळावीं अशी आज्ञा आहे. मराठींत ‘नांव ठेवणें’ आणि ‘नांवें ठेवणें’ यांत एका अनुस्वाराचें आणि मात्रेचें अंतर आहे. या बादशाही कायद्यानें तें अंतरहि ठेवलें नाहीं, आणि दोहोंच्या पाठीमागें आग उभी केली. गंमत एवढीच कीं, कायद्यानें दिलेलें नांव चाललें नाहीं. ज्याचें नांवच काढूं नये असा बादशहाचा हेतु, त्याच्याच नांवानें हजारों कोसांवरचे लोक पुढें दीड हजार वर्षें ओळखले गेले.

ते लोक कोण? इराणच्या साम्राज्यांतील ख्रिस्ती. त्यांची मंडळी नेस्टोरियसनें स्थापिली नव्हती. सेल्युकिया-टेसिफोन येथें त्यांच्या बिशपांची परिषद ४१० सालीं भरली, आणि ४२४ सालच्या परिषदेंत त्यांनीं आपला कॅथॉलिकॉस पश्चिमेच्या कोणाहि धर्माधिकाऱ्यास जाबदार नाहीं असा निर्णय केला. म्हणजे नेस्टोरियस गादीवर येण्यापूर्वींच हें सर्व झालेलें होतें. तो त्यांच्या देशांत कधीं गेला नाहीं, त्यांच्या भाषेंत त्यानें लिहिलें नाहीं. त्यांचा खरा आचार्य मोप्सुएस्तियाचा थिओडोर. बायबलावरील त्याच्या टीकांमुळें ते त्यास केवळ ‘भाष्यकार’ म्हणत, जसें आमच्याकडे नुसतें ‘भाष्यकार’ म्हटलें म्हणजे वैयाकरणांस पतंजलि समजतो. स्वतःस ते ‘पूर्वेची मंडळी’ म्हणवीत, कारण रोमी साम्राज्याच्या पूर्वेस ते राहत होते. यांत मताचा प्रश्नच नाहीं. तें दिशेचें नांव आहे.

मग मतभेद नव्हता काय? होता, परंतु जो सांगितला जातो तो नव्हता. सातव्या शतकाच्या आरंभीं होऊन गेलेल्या थोरल्या बाबाईनें या मंडळीचें मत निश्चित शब्दांत बांधलें : ख्रिस्ताच्या ठिकाणीं दोन ‘क्याना’, दोन ‘क्नोमा’, आणि एक ‘पर्सोपा’. ‘क्याना’ म्हणजे स्वभाव. ‘पर्सोपा’ हा ग्रीक शब्दाचाच अपभ्रंश. त्याचा अर्थ प्रकट रूप, पुरुष. घोटाळा सगळा मधल्या शब्दांत आहे. ग्रीक ‘हिपोस्टासिस’ या शब्दासाठीं सुरियानी भाषांतरकार ‘क्नोमा’ लिहीत, आणि खाल्सेडनच्या ४५१ सालच्या परिषदेनें ख्रिस्तांत स्वभाव दोन परंतु हिपोस्टासिस एक असें ठरविलें होतें. ग्रीक हिपोस्टासिसचा अर्थ तोंवर ‘स्वतंत्रपणें असणारा एक पुरुष’ असा होऊन बसला होता. तेव्हां पूर्वेचे लोक ‘दोन क्नोमा’ म्हणतांच पश्चिमेच्या कानांस ‘दोन ख्रिस्त’ असें ऐकूं गेलें.

संस्कृतज्ञ वाचकांस हें समजावयास दूर जावयास नको. न्यायसूत्रांत पदार्थाच्या विचारांत व्यक्ति, आकृति आणि जाति यांची चर्चा आहे. तेथें गोत्व ही जाति आणि समोर उभी असलेली अमुक एक गाय ही व्यक्ति. ‘गोव्यक्ति’ हा शब्द नैयायिकास मुळींच विचित्र वाटत नाहीं. आतां आजच्या मराठींत ‘व्यक्ति’ म्हणजे मनुष्य. न्यायग्रंथांतील ‘घटव्यक्ति’ वाचून कोणी मराठी वाचक म्हणूं लागला कीं, हे नैयायिक मडक्यास माणूस मानतात, तर त्यास आपण काय म्हणूं? पूर्वेकडील लोकांचा ‘क्नोमा’ हा नैयायिकांच्या ‘व्यक्ती’जवळचा आहे : स्वभाव हा सामान्य, तो जेथें विशिष्ट होऊन आढळतो तो क्नोमा. मनुष्यस्वभाव ख्रिस्ताच्या ठिकाणीं खरोखर होता, नुसता कल्पनेंत नव्हता, एवढेंच त्यांस म्हणावयाचें होतें. त्यावर ग्रीकांनीं आपला कोश उघडला. या उपमेस मर्यादा आहेत हें आम्ही जाणतों. न्यायशास्त्रांतील जाति आणि सुरियानी क्याना तंतोतंत एक नव्हेत. परंतु एका दर्शनाचा पारिभाषिक शब्द दुसऱ्या दर्शनाच्या कोशानें वाचला म्हणजे पाखंड कसें निर्माण होतें, हें तिच्यावरून दिसेल.

या नांवाविरुद्ध त्या मंडळीनें स्वतः तक्रार केली आहे. निसिबिसचा बिशप अब्दीशो हा त्यांचा मोठा ग्रंथकार. १३१८ सालीं तो वारला. १२९८ च्या सुमारास त्यानें ‘मर्गनीथा’ म्हणजे ‘मोतीं’ या नांवाचा छोटा सिद्धांतग्रंथ लिहिला. त्यांत तो म्हणतो त्याचा आशय असा कीं, पूर्वेकडील लोकांनीं आपला विश्वास कधीं बदलला नाहीं. नेस्टोरियस त्यांचा पात्रिआर्क नव्हता, त्याची भाषाहि त्यांस येत नव्हती. त्यांच्यावर हें नांव अन्यायानें लादलें गेलें. खरें पाहतां ते त्याच्या मागें गेले नाहींत, तोच त्यांच्या मताशीं येऊन मिळाला.

येथें प्रतिपक्षाचेंहि बोलणें ऐकलें पाहिजे. याच मंडळीच्या प्रार्थनांत डायोडोर, थिओडोर आणि नेस्टोरियस या तीन ग्रीक आचार्यांचें स्मरण होतें, आणि उपासनेचा एक विधि नेस्टोरियसच्या नांवानें चालत आला आहे. अरबी भाषेंत लिहिणारे त्यांच्यांतील कांहीं ग्रंथकार स्वतःस ‘नस्तूरिया’ म्हणवून घेण्यास कचरत नाहींत. तेव्हां या लोकांचा त्या पुरुषाशीं कांहींच संबंध नव्हता असें म्हणणें म्हणजे उलट टोंकाची चूक होय. ते त्यास अन्यायानें छळलेला साधु म्हणून मान देत. परंतु साधूस मान देणें आणि त्याच्या शत्रूंनीं त्याच्यावर लादलेलें मत मानणें यांत अंतर आहे. आमच्या मतें अब्दीशोचें ‘तोच आमच्या मताशीं येऊन मिळाला’ हें वाक्यहि इतिहास म्हणून जसेंच्या तसें घेऊं नये. तोहि वादीच आहे. त्याची साक्ष त्या मंडळीस काय वाटत होतें याविषयींची, आणि तेवढी ती पुरेशी आहे.

दुसऱ्या नांवांचीहि हीच कथा, ती थोडक्यांत सांगतों. खाल्सेडनचा निर्णय ज्यांस मान्य नव्हता त्या सुरियानी लोकांस ‘याकोबी’ म्हणतात, तें सहाव्या शतकांतील याकोब बरादाय या बिशपावरून. त्यांची परंपरा त्याच्याहून पुष्कळ जुनी आहे. त्यांसच ‘एकस्वभाववादी’ म्हणतात; पण ज्या युटिकेसच्या नांवानें तो वाद निंदिला जातो त्यास ते स्वतःहि निषिद्ध मानतात. उलट खाल्सेडन मानणारांस विरोधकांनीं ‘मेल्काई’, बादशहाचे लोक, असें हिणविलें; त्यांनीं तें नांव पुढें खुशाल पत्करलें आणि आज तें सन्मानाचें आहे.

आतां मलबारकडे वळूं. पूर्वेच्या मंडळीचे बिशप मलबारांत फार पूर्वीपासून येत असत, आणि तेथील ख्रिस्ती लोकांचीं धर्मपुस्तकें सुरियानी होतीं. पोर्तुगीज आल्यावर या बिशपांकडे संशयानें पाहिलें जाऊं लागलें. १५५५ सालीं मार योसेफ नांवाचा बिशप गोव्यास उतरला. तो ज्या पक्षाकडून आला होता त्या पक्षानें दोनतीन वर्षांपूर्वींच रोमच्या पोपाशीं ऐक्य केलें होतें. त्याच्याबरोबर रोमहून पाठविलेला एक बिशपहि होता. तरी त्यास मलबारांत जाऊं न देतां वसईच्या मठांत ठेवण्यांत आलें. पुढें तो मलबारांत पोंहोचला, परंतु पाखंडाचा आरोप त्याच्या पाठीमागून गेला, आणि १५६९ सालीं रोम येथें त्याचा अंत झाला. पोपानें मान्य केलेल्या माणसासहि ‘नेस्टोरियन’ हें नांव सुटलें नाहीं, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या काळीं त्या शब्दाचा अर्थ ‘अमुक मत मानणारा’ असा उरला नव्हता. ‘बाबिलोनकडून आलेला, आमच्या हुकुमांत नसलेला’ एवढाच तो उरला होता.

सुरियानी उत्तम जाणणारा फ्रान्सिस्को रोझ हा जेसुइट पाद्री त्या वेळीं मलबारांत होता. त्यानें १५८६ च्या सुमारास या भागांतील नेस्टोरियनांच्या चुकांविषयीं एक लॅटिन निबंध लिहिला. तो १९२८ सालीं छापून प्रसिद्ध झाला आहे. निबंध विद्वत्तापूर्ण आहे यांत शंका नाहीं. परंतु त्याची रीत पाहावी. पुस्तकांतून वाक्यें वेंचावयाचीं, तीं लॅटिन सिद्धांताशीं ताडावयाचीं, आणि जो फरक पडेल तो लोकांच्या माथीं ‘चूक’ म्हणून मारावयाचा. मिऱ्याच्या मळ्यांत राबणारा ख्रिस्ती शेतकरी क्नोमा किती मानतो हें त्यास कोणीं विचारलें होतें? ग्रंथांतील वाक्य हें ग्रंथ बाळगणाराचें मत, असें धरून चाललें तर आमच्यापैकीं ज्यांच्या घरीं चार दर्शनांच्या पोथ्या आहेत त्यांचें काय होईल, हें सांगावयास नको.

१५९७ सालीं अंगमालीचा शेवटचा सुरियानी आर्चबिशप मार अब्राहाम वारला. दोन वर्षांनीं गोव्याचा आर्चबिशप आलेशो द मेनेझिस स्वतः मलबारांत उतरला आणि २० ते २६ जून १५९९ या दिवसांत उदयंपेरूर येथें त्यानें परिषद भरविली. पोर्तुगीज तिला डायंपर म्हणत. तिचे ठराव छापलेले आहेत, आणि मायकेल गेड्सनें १६९४ सालीं केलेलें त्यांचें इंग्रजी भाषांतरहि आहे. त्यांतील तिसऱ्या बैठकीचा चौदावा ठराव हस्तलिखितांच्या संग्राहकांनीं मुद्दाम वाचावा. त्यांत निषिद्ध पुस्तकांची यादी आहे. प्रत्येकाचें नांव, आणि त्यांत काय वाईट आहे याचें एकदोन वाक्यांत वर्णन. अशीं पुस्तकें कोणी बाळगूं नयेत, वाचूं नयेत, नकलूं नयेत. बाकीचीं सुरियानी पुस्तकें तपासणीसाठीं आणून द्यावीं. त्यांपैकीं कांहीं शुद्ध करून परत दिलीं जातील, कांहीं जाळलीं जातील. प्रार्थनांतून नेस्टोरियस, थिओडोर व डायोडोर यांचीं नांवें काढून टाकावीं. त्या यादींत ‘पारिसमान’ नांवाचें इराणी वैद्यकाचें पुस्तक आहे, त्यांत मंत्रतंत्र असल्याचा आरोप करून तें निषिद्ध ठरविलें. आणि त्याच यादींत ‘श्रद्धेचें मोतीं’ हें नांव आहे. मरियेस ख्रिस्ताची माता म्हणावें, ईश्वराची म्हणूं नये, असें त्यांत प्रतिपादिलें आहे, हा त्याचा अपराध.

हें ‘मोतीं’ म्हणजे अब्दीशोची ‘मर्गनीथा’. ‘आम्हांस नेस्टोरियन म्हणणें हा अन्याय आहे’ असें ज्या पुस्तकांत लिहिलें होतें, तें पुस्तक नेस्टोरियन म्हणून निषिद्ध झालें. परीक्षकांनीं तें पान वाचलें नसेल असें आम्हांस वाटत नाहीं. वाचलें असेल, आणि आरोपीचा इन्कार हाहि आरोपाचा पुरावा समजला असेल.

एक विपरीत गोष्ट येथें नमूद केली पाहिजे. सोळाव्या शतकाच्या अखेरीस मलबारांत कोणते सुरियानी ग्रंथ वाचले जात होते याची जी यादी इतिहासकारांच्या हातीं आहे, ती या ठरावानेंच दिलेली आहे. जाळणारानें केलेली सूची हीच संग्रहाची सूची झाली. म्हणून ती वापरूं नये असें आम्ही म्हणत नाहीं. तिच्यांतील ग्रंथनामें घ्यावीं, वर्णनें मात्र फिर्यादीचें म्हणणें म्हणून वाचावीं. तसेंच सर्व पुस्तकें जळालीं हा रूढ समजहि अलीकडच्या शोधानें ढिला पडला आहे. हंगेरियन पंडित इश्तवान पेर्त्सेल व त्यांचे सहकारी यांनीं केरळांतील चर्चांतून व मठांतून सुरियानी हस्तलिखितांचीं छायाचित्रें घेतलीं. त्यांत पूर्वेच्या परंपरेचे ग्रंथ बरेच निघाले, कांहीं तर १५९९ नंतर नकललेले. लोकांनीं सर्व पोथ्या दिल्या नाहींत. पोथी ज्याच्या घरीं आहे त्यानें ती लपविणें हें आमच्या वाचकांस नवीन नाहीं.

त्या आधींची एक पोथी रोमच्या व्हॅटिकन संग्रहांत आहे. ती १३०१ सालीं कोडुंगल्लूर येथें मार कुरियाकोस याच्या चर्चमध्यें लिहिली गेली; लेखक झकर्या नांवाचा चौदा वर्षांचा डीकन, म्हणजे धर्मसेवक. भारतांत लिहिलेलें ज्ञात असें हें सर्वांत जुनें सुरियानी हस्तलिखित. त्या मुलानें पुष्पिकेंत आपलें गांव सांगितलें आहे, आपला गुरु सांगितला आहे, पूर्वेचा पात्रिआर्क याहबाल्लाहा याचें नांव आदरानें घेतलें आहे, आणि भारताच्या ख्रिस्ती लोकांचा प्रमुख म्हणून मार याकोबाचा उल्लेख केला आहे. स्वतःस ज्या नांवानें ओळखावें असें त्यास वाटलें तें सर्व तेथें आहे. नेस्टोरियसचा अनुयायी हें त्यांत नाहीं. आमच्या मतें सूचिकारास हवी ती साक्ष हीच.

ज्या ग्रंथानें हें नांव विद्वानांच्या जगांत कायम केलें तो म्हणजे आसेमानीचा ‘बिब्लिओथेका ओरिएंतालिस’, रोम, १७१९ ते १७२८. आसेमानीचे उपकार फार मोठे आहेत. सुरियानी वाङ्मयाचें दार युरोपास त्यानें उघडून दिलें. परंतु त्यानें खंडांची विभागणी कशी केली पाहा : पहिला खंड सन्मार्गी लेखकांचा, दुसरा एकस्वभाववाद्यांचा, तिसरा नेस्टोरियनांचा. वाङ्मयाची सूची होण्यापूर्वीं न्यायनिवाडा होऊन गेला. आणि त्या तिसऱ्या खंडाच्या आरंभीं त्यानें काय छापलें, तर सुरियानी ग्रंथकारांची अब्दीशोनेंच रचलेली पद्यमय सूची. ज्यानें हें नांव नाकारलें त्याचेंच काम त्या नांवाच्या पाटीखालीं मांडलें गेलें. याहून मौजेची गोष्ट अशी कीं, आसेमानी स्वतः लेबाननचा मरोनी. त्याच्या मंडळीवरहि ती पूर्वीं ‘एकेच्छावादी’ पाखंडाची होती असा आरोप होता, आणि तो खोडून काढण्यांत मरोनी पंडितांनीं पिढ्या खर्चिल्या. आपल्यास दिलेलें नांव खोटें आहे हें ज्यास इतकें जाणवलें, त्यास शेजाऱ्यास दिलेलें नांव तपासावेंसें वाटलें नाहीं.

चीनमधील सि-आन येथील शिलालेखाचेंहि असेंच. ७८१ सालचा हा लेख सर्वत्र ‘नेस्टोरियन शिला’ म्हणून प्रसिद्ध आहे. लेखांत धर्मास ‘जिंग-ज्याव’, तेजाचा उपदेश, असें म्हटलें आहे. नेस्टोरियसचें नांव त्यांत नाहीं. शिलालेखावर जें कोरलेलें नाहीं तेंच त्याचें नांव झालें.

हें लिहितांना आम्हांस आमची एक जुनी चूक आठवते, ती सांगून टाकतों. शिक्षकी पेशांत नवे असतांना एका गृहस्थांच्या पोथ्या लावण्याचें काम आम्हीं उत्साहानें घेतलें होतें. एका रुमालांत महानुभाव पंथाचें बाड निघालें. त्यावर आम्हीं ठळक अक्षरांत ‘मानभावी’ अशी चिठ्ठी लाविली. मराठींत त्या शब्दाचा अर्थ काय होतो हें आम्हांस ठाऊक नव्हतें असें नाहीं. पण तें सूचींतलें नांव, त्यांत काय वाईट, असें वाटलें. कांहीं महिन्यांनीं त्या पंथाचे एक वृद्ध महंत बाड पाहावयास आले. त्यांनीं चिठ्ठी वाचली, ती अलगद काढून आमच्या हातीं दिली, आणि मग पोथीस नमस्कार करून ती उघडली. बोलले कांहींच नाहींत. ‘नेस्टोरियन’ हा शब्द वाचतांना ती चिठ्ठी आमच्या डोळ्यांपुढें येते. त्रिचूर येथें पूर्वेच्या मंडळीची शाखा आजहि आहे. तेथील कोणी आमच्या सूची वाचणारच नाहीं असें धरून चालण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणेल, परक्यानें ठेवलेलें नांव म्हणून तें टाकावयाचें तर ‘ख्रिस्ती’ हेंहि टाकावें लागेल. कारण शिष्यांस तें नांव अंत्युखिया येथें प्रथम मिळालें असें बायबलच सांगतें. मलबारचे लोक स्वतःस अभिमानानें ‘नसरानी’ म्हणवितात. पण पौलावर फिर्याद करणाऱ्या वकिलानें ‘नासोरी लोकांचा पंथ’ असेंच म्हटलें होतें. आक्षेप रास्त आहे. परक्याचें नांव म्हणून तें खोटें ठरत नाहीं. ज्यास तें दिलें त्यानें तें स्वीकारलें कीं नाकारलें, आणि त्या नांवांत मताविषयींचा निर्णय दडलेला आहे कीं नाहीं, हे दोन प्रश्न विचारावे. ‘नसरानी’ या शब्दावरून त्या माणसाचें मत निघत नाहीं. ‘नेस्टोरियन’ या शब्दानें तो दोन ख्रिस्त मानतो असें सुचविलें जातें. स्वतः निवडलेलें नांवहि निर्दोष असतेंच असें नाहीं. मट्टांचेरी येथें ३ जानेवारी १६५३ रोजीं क्रुसापुढें शपथ घेऊन जे लोक जेसुइटांच्या हुकुमांतून बाहेर पडले, त्यांच्यांत पुढें फूट पडली. रोमकडे राहिले ते ‘पळयकूर’, जुन्या पक्षाचे. आणि अंत्युखियाकडून आलेल्या बिशपास मिळाले ते ‘पुत्तनकूर’, नव्या पक्षाचे. कोण जुना आणि कोण नवा, हाच तर त्यांचा वाद होता.

विद्वानांचें लक्ष आतां इकडे वळलें आहे. सेबास्टियन ब्रॉक या सुरियानी पंडितानें १९९६ सालीं एका लेखांत हें नांव खेदजनक चूक असल्याचें सविस्तर दाखविलें. क्नोमाविषयींचें वरील विवेचन मुख्यतः त्यांच्या मार्गानें केलें आहे, न्यायशास्त्राची जोड मात्र आमची. त्याच्या दोन वर्षें आधीं, ११ नोव्हेंबर १९९४ रोजीं, पोप दुसरे जॉन पॉल आणि पूर्वेच्या मंडळीचे पात्रिआर्क मार दिन्खा यांनीं एका संयुक्त पत्रकावर सह्या केल्या. त्यांत ‘ईश्वराची माता’ आणि ‘ख्रिस्ताची माता’ या दोन्ही संबोधनांचा आशय एकाच विश्वासाचा आहे असें परस्परांनीं मान्य केलें. ज्या शब्दासाठीं उदयंपेरूरच्या यादींत ‘मोतीं’ पडलें, तो शब्द रोमनें अशा रीतीनें निर्दोष ठरविला. सातव्या शतकांतील निनवेचा इसहाक हा याच मंडळीचा बिशप. त्याचे ग्रंथ पॅलेस्टाइनमधील साबा मठांत ग्रीकांत उतरविले गेले तेव्हां थिओडोरासारखीं नांवें बदलून टाकण्यांत आलीं, आणि पाटी बदलतांच ग्रीक साधूंनीं ते हजार वर्षें भक्तीनें वाचले. २०२४ सालीं रोमनेंहि त्यास आपल्या साधूंच्या यादींत घेतलें, आणि त्या वेळीं तो कोणत्या मंडळीचा हें लपविलें नाहीं.

सूची करणारांस आमची विनंति इतकीच. पुष्पिकेंत लेखकानें स्वतःस जें म्हटलें असेल तें प्रथम लिहावें. पुठ्ठ्यावर, समासांत किंवा जुन्या यादींत दुसऱ्यानें कांहीं नांव दिलें असेल तर तेंहि टाकूं नये. परंतु तें कोणाच्या हातचें व केव्हांचें हें सांगून वेगळें लिहावें. आपलें अनुमान असेल तर ‘आमच्या मतें’ असें स्पष्ट म्हणावें. एका पोथीवरील खोडलेलें ‘नेस्टोरियस’ हें नांव, आणि तें खोडणारी दुसरी शाई, या दोन्ही गोष्टी इतिहासाच्या आहेत; त्यांतील एकच नोंदविणें म्हणजे अर्धा कागद फाडणें होय.

कल्याणच्या त्या बिशपाविषयीं आमच्या टिपणवहींत ‘नेस्टोरियन बिशप’ असें पुष्कळ वर्षें लिहिलेलें होतें. तें आम्हीं खोडून तेथें ‘इराणांतून नेमलेला बिशप’ असें लिहिलें आहे. कॉस्मसनें तेवढेंच सांगितलें आहे.